अठरा घरांची रुंदी

आमच्या करआकारणी विभागात प्रत्येकाला टोपणनाव आहे, आणि कुणालाच आपलं टोपणनाव आवडत नाही. अपवाद फक्त सूतभाऊंचा. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सुतार-गवंडी अजून त्याच भाषेत बोलतात. मोजताना तेवढाही फरक त्यांना खपत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि 'सूतभाऊ' अशी हाक मारली की गृहस्थ चक्क खूश होतात. मला लवंगी म्हणतात. का म्हणतात ते पुढे कळेलच, आणि नाही कळलं तरी माझं काही बिघडत नाही.

आमचं काम साधं आहे. घर मोजायचं, ते किती जुनं, कशाने बांधलेलं, कशासाठी वापरात आहे ते लिहायचं. त्यावरून घराचं मूल्य ठरतं आणि मूल्यावरून कर. लोकांना हे काम मुळीच आवडत नाही. आम्ही बेल वाजवली की दार उघडणाऱ्याचा चेहरा जेवढा पडतो, तेवढा दाताच्या डॉक्टरकडेही पडत नसेल. पण सूतभाऊ असले की तासाभराने तोच माणूस त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो. हे मी स्वतः पाहिलंय, एकदा नाही, शंभरदा.

त्यांची एक पद्धत आहे. टेपचं डबडं घरमालकाच्या हातात द्यायचं आणि स्वतः टोक धरून भिंतीपाशी वाकायचं. आकडा मालकाने वाचायचा, मोठ्याने. सूतभाऊ फक्त लिहितात. मग जागांची अदलाबदल करून तीच खोली उलट्या बाजूने मोजायची. स्वतःच्या तोंडाने वाचलेल्या आकड्याशी कोण भांडणार? एका घराची पडून गेलेली गच्ची बारा वर्षं कागदावर तशीच उभी होती. मालकाने अवाक्षर काढलं नव्हतं, तरी सूतभाऊंनी ती खोडली आणि त्याचा कर कमी केला. वरून त्यालाच दोन शब्द सुनावले, की बाबा, आपल्या घराला किती खोल्या आहेत ते तरी बघत जा.

अकरा वर्षांपूर्वी मी खात्यात आले त्या दिवशी त्यांनी मला एका रिकाम्या खोलीत उभं केलं आणि नुसत्या नजरेने तिची लांबी सांगायला लावली. मी हातभर चुकले. ते हसले नाहीत. "आता टेप धर," एवढंच म्हणाले. त्या माणसाचं मला तेव्हापासून कौतुक आहे, आणि ते लपवून ठेवण्याइतकी मी शांत स्वभावाची नाही.

अशा माणसाच्या मोजणीशी सव्वीस वर्षं भांडणारी एक बाई होती. जुन्या बाजारामागे एकमेकांना चिकटलेल्या अठरा घरांची एक गल्ली आहे, तिथल्या नवव्या घरात ती राहते. पुस्तकं बांधते. कचेऱ्यांची रजिस्टरं, ग्रंथालयातली पाठ मोडलेली पुस्तकं, असलं काम. पुढच्या खोलीत लोखंडी प्रेस आणि मागे एकटीचा संसार. आम्ही तिला हरकतबाई म्हणायचो. दर वर्षी कराचं बिल गेलं की आठ दिवसांत तिचा हरकतीचा अर्ज हजर. टपोरं अक्षर, चार पानं, तीही दोऱ्याने शिवलेली. पहिली ओळ ठरलेली: माझं घर त्रेसष्ट चौरस मीटर नसून बावन्न आहे.

बाई आतून मोजायची. आम्ही भिंतींसकट मोजतो, नियमच तसा आहे. त्यामुळे पहिली ओळ वाचली की आम्ही म्हणायचो, हिच्या भिंती काय हवेत तरंगतात? आणि 'मोजणी योग्य, बदल नाही' असा शिक्का मारून अर्ज फाइलला. शेवटच्या चार अर्जांवरचे शिक्के माझे आहेत, खाली सहीसुद्धा माझीच. पहिल्या ओळीपुढे मी एकही अर्ज वाचला नव्हता. सूतभाऊंची मोजणी म्हटल्यावर वाचायचं काय त्यात?

यंदा दहा वर्षांनी सगळ्या शहराची नवी आकारणी झाली आणि छोट्या घरांच्या सवलतीची मर्यादा सत्तर चौरस मीटरवरून साठवर आली. हरकतबाईचं घर आमच्या कागदावर त्रेसष्ट पॉइंट अठरा. म्हणजे सवलत गेली आणि कर अडीचपट झाला. ती आमच्या कचेरीच्या खिडकीपाशी आली तेव्हा पहिल्यांदाच तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"हे असंच राहिलं तर मला घर विकावं लागेल," ती म्हणाली. "बहिणीकडे जाईन. तिच्या दोन खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. प्रेस काही तिथे चढायचा नाही."

"नियम मी केलेला नाही," मी म्हणाले.

"पण मोजणी तुम्हीच केलीय ना?"

"मोजणी सूतभाऊंची आहे," मी अशा आवाजात सांगितलं की आता विषय संपला.

ती गेली, पण माझं डोकं तापलेलंच होतं. नवी आकारणी म्हणून यंदा तिच्या हरकतीची सुनावणी ठरली होती, पुढच्या आठवड्यात. म्हटलं, या वेळी असा पुरावा समोर ठेवते की बाईने पुन्हा अर्जाचं नाव काढता कामा नये. रेकॉर्डमधून त्या गल्लीचे अठराच्या अठरा जुने तक्ते काढले. सूतभाऊंनी नोकरीला लागल्या लागल्या मोजलेली गल्ली. एकेक तक्ता म्हणजे नमुना होता. खाडाखोड नाही, प्रत्येक खोली दोन्ही बाजूंनी मोजलेली, मालकाची सही. गल्लीच्या लांबीशी ताळा जुळतो हे दाखवावं म्हणून मी अठरा घरांची रुंदी बेरजेला घेतली. एकशे एकोणीस पॉइंट सत्तर मीटर. मग रस्ते खात्याचा नकाशा मागवला. त्यात घरांची ती रांग एकशे तेरा पॉइंट पंच्याहत्तर.

रस्ते खात्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे मला आधीपासूनच माहीत होतं. मी मोजणीचं चाक घेतलं आणि भर दुपारी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेलं. लोक खिडक्यांतून बघत होते. एकशे तेरा आणि पाऊण मीटर. परत उलटं आणलं. तेवढंच.

कागदावरची गल्ली जमिनीवरच्या गल्लीपेक्षा सहा मीटरला पाच सेंटीमीटर कमी एवढी लांब होती. जवळजवळ एक अख्खं घर जास्त.

मी तिथेच एका पायरीवर बसले, तेव्हा ट्यूब पेटली. प्रत्येक तक्त्यात आतली रुंदी होती आणि तिच्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी मिळवलेली होती, प्रत्येकी पस्तीस सेंटीमीटर. सुट्या घराला हे बरोबर. पण या घरांची भिंत सामाईक आहे. दोन घरांत एकच. ती निम्मी या घराची, निम्मी त्या घराची धरायची. सूतभाऊंनी ती दोन्हीकडे पुरी धरली होती. सतरा सामाईक भिंती, सतरा वेळा पस्तीस. एक घर आज, दुसरं पुढच्या आठवड्यात, असं करत त्यांनी गल्ली तीन महिन्यांत मोजली होती. एकेक तक्ता आपापल्या जागी चोख होता. चूक दिसण्यासाठी अठरा तक्ते एकत्र मांडावे लागत होते. आणि त्यांचं काम इतकं चोख, की ते तपासावं असं सव्वीस वर्षांत कुणालाही वाटलं नाही.

हरकतबाईचं घर नव्याने मांडून बघितलं. कागदावर एकोणसाठ पॉइंट पंच्याऐंशी येत होतं. पण रुंदीत पावणेदोन सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले की पुन्हा साठच्या वर. म्हणजे घर राहणार की जाणार, हे गिलाव्याच्या एका थरावर आलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी भांडी घासायला घेतली आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भांड्यांनी काय केलंय तुझं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "दोन महिन्यांनी निवृत्त होतायत ते. आयुष्यभराचं नाव आहे. कशाला सांगायचं? बाईला दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने सवलत बसवून देता येईल."

सासूबाईंनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, कारण ते त्यांचं आवडतं होतं. "ज्या माणसाला सूतभर फरक चालत नाही," त्या म्हणाल्या, "त्याच्यापासून सहा मीटर लपवून तू त्याला निरोपाचा हार घालणार? काय तोंडाने?"

दुसऱ्या दिवशी मी तक्ते सूतभाऊंच्या टेबलावर ठेवले आणि बेरजेचा कागद वर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि बेरीज स्वतः करून बघितली. वरून खाली, मग खालून वर. मग हरकतबाईची फाइल मागितली आणि तिचे सव्वीस अर्ज पहिल्या पानापासून वाचायला लागले. डबा खायची वेळ झाली, सगळे उठले, ते वाचतच होते.

तीनच्या सुमाराला त्यांनी मला बोलावलं आणि एका अर्जाच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'माझी भिंत आणि शेजारच्यांची भिंत एकच आहे, ती त्यांच्याही बिलात आहे, हे कसं?' तोच प्रश्न प्रत्येक अर्जात होता. प्रत्येक वेळी तिसऱ्याच पानावर.

"बाईंनी सव्वीस वेळा विचारलं," सूतभाऊ म्हणाले. "आणि मला एकदाही ऐकू आलं नाही."

"तुमच्यापर्यंत अर्ज आलेच कुठे? बाहेरच्या बाहेरच फेटाळले जात होते." कोण फेटाळत होतं, ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

"माझं नाव बघून फेटाळत होते ना? मग आलेच की माझ्यापर्यंत." त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिही. चूक तुला सापडलीय, अहवालही तुझाच."

मी अहवालात लिहिलं, 'तत्कालीन मोजणीत तांत्रिक त्रुटी राहून गेली.' त्यांनी वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ती ओळ खोडून वर स्वतः लिहिलं: 'मोजणी मी केली. सामाईक भिंती दोनदा धरल्या. चूक माझी आहे.' खाली सही. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. मी म्हणाले की एवढं उघडं लिहायची काही गरज नव्हती. ते म्हणाले, "तांत्रिक त्रुटीच्या घरी जाऊन कुणी जाब विचारू शकतं का? माझ्या घरी येऊन विचारता येईल."

सुनावणीच्या खोलीत लांबट टेबल आहे. खिडकीच्या बाजूला आमचं खातं बसतं, दाराच्या बाजूला हरकत घेणारे. मधल्या खुर्चीत अपिलाच्या मॅडम. हरकतबाई आपली शिवलेली पानं मांडून बसली होती. सूतभाऊ आत आले, मॅडमना नमस्कार केला आणि टेबलाला वळसा घालून आमच्याकडे न येता तिच्या शेजारी जाऊन बसले. बाईने झटकन आपली पिशवी जवळ ओढली.

"ही तुमची बाजू नाही," ती म्हणाली.

"आज हीच आहे," सूतभाऊ म्हणाले.

मग त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. दुसऱ्याच्या घराचं वर्णन करताना बोलतात तसं आपल्या चुकीबद्दल बोलले. किती भिंती, किती जाडी, किती वर्षं. आमच्या बाजूला बसलेले सहकारी मान खाली घालून होते. आता अख्खं शहर फेरमोजणी मागत येणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू झाला होता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की या माणसाबरोबर अकरा वर्षं काम करायला मिळालं, आपलं नशीब चांगलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ठीक आहे. चूक मान्य. पण घर साठच्या आत आहे की बाहेर, हे जुन्या आकड्यांवरून मी ठरवणार नाही. नवी मोजणी होईल. दुसऱ्या विभागातला माणूस पाठवू. जो निघेल तो आकडा शेवटचा."

"दुसरा नको," हरकतबाई म्हणाली. "यांनाच पाठवा."

"अहो, यांनीच तर चूक केलीय."

"चूक तुमच्याकडे सगळेच करतात, मॅडम. सांगितली फक्त यांनी."

मॅडमना हसू आवरलं नाही. तसा आदेश निघाला.

सोमवारी सकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. गल्लीभर बातमी पसरलेली होती. लोक दारांत उभे होते. बाईच्या पुढच्या खोलीत डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास भरला होता. टेप तिच्या हातात दिली. आतली रुंदी तिने वाचली, पाच पॉइंट पंच्याण्णव. घराची पुढूनमागे लांबी भिंतींसकट साडेनऊ. राहिल्या सामाईक भिंती. भिंतीच्या आरपार काही टेप जात नाही. सूतभाऊंनी हिच्या खिडकीच्या चौकटीपासून आतून सामाईक भिंतीपर्यंत मोजलं, मग शेजारच्या घरात जाऊन त्यांच्या खिडकीपासून त्यांच्या भिंतीपर्यंत, मग बाहेर येऊन खिडकी ते खिडकी. बाहेरच्यातून आतली दोन वजा केली की उरते ती भिंत. एकीकडे पस्तीस, दुसरीकडे छत्तीस.

त्यांनी वहीत गुणाकार केला, पान मिटलं आणि टेप माझ्याकडे दिली.

"आता सगळं तू पहिल्यापासून मोज. मी बाहेर उभा राहतो."

"का? दोन्ही बाजूंनी मोजलंत की तुम्ही."

"बाईंनी माझ्यावर विश्वास टाकलाय," ते हळूच म्हणाले. "म्हणून आज माझा हात त्यांच्या बाजूला ओढ घेणार. माझ्यावर विसंबू नकोस."

मी मोजलं. टेप दोनदा सुटली. बाई आकडे वाचत होती आणि प्रत्येक आकड्याबरोबर तिचा आवाज बारीक होत चालला होता. गुणाकार केला. सूतभाऊंना आत बोलावलं आणि दोघांनी वह्या प्रेसवर उघड्या ठेवल्या. त्यांचा आकडा एकोणसाठ पॉइंट नव्वद. माझा एकोणसाठ पॉइंट अठ्ठ्याऐंशी.

बाईने दोन्ही वह्या वाकून पाहिल्या. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "मोठा लिहा. तेवढा कर देईन मी." आणि स्टुलावर बसून पदराने डोळे टिपायला लागली.

सूतभाऊंनी मोठा आकडा लिहिला, तिची सही घेतली. मग हात जोडले. "बाई, प्रेसला गिऱ्हाईक बघितलं होतं का तुम्ही?"

"उद्या येणार होतं. येऊ नको म्हणून सांगते."

अजून सतरा घरं बाकी होती. टेप उचलून सूतभाऊ शेजारच्या दारात गेले आणि तिथल्या माणसाला सांगायला लागले, "मी सव्वीस वर्षांपूर्वी तुमचं घर मोजलं होतं. त्यात माझी चूक झाली होती." मला इथवर ऐकू येत होतं. एका दारात हे सांगणंही जड जातं, आणि हा माणूस सतरा दारांत सांगणार होता.

मी वही आवरली. पिशवी खांद्याला लावली. उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

"एक सांगायचं राहिलंय," मी म्हणाले. "तुमचे शेवटचे चार अर्ज मी फेटाळले. न वाचता. तिसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं होतं, मी पहिल्या ओळीपुढे गेलेच नाही. चूक माझी आहे."

हरकतबाईने डोळे पुसून माझ्याकडे नीट पाहिलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "प्रत्येक उत्तराखाली तुझी सही होती. वाचता येतं मला."

"मग सुनावणीत बोलला का नाहीत? मी समोरच तर बसले होते."

"बोलणार होते. पण ते माझ्या बाजूला येऊन बसले, तेव्हा तुझा चेहरा पाहिला. म्हटलं, ही येईल. आज नाही तर उद्या येईल."